न्यूझीलंडमध्ये जुनी डिझेल व्हॅन घेताय? आमचे १०,२६८ डॉलर कसे गेले ते आधी वाचा

व्हॅन ९,२०० डॉलर. आदल्या माणसाने थकवलेला रस्तेकर १,३६८. दंड ४००. शेवटी भंगारवाल्याने हातावर टेकवले ७००. म्हणजे १०,२६८ न्यूझीलंड डॉलर पाण्यात. वर आप्तांकडून ऐकून घ्यायचं, "एवढी शिकलेली माणसं, फसलात कशी?" शिकलेला माणूस फसत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनाच पहिल्यांदा गाठतात.

भाड्याची कॅम्पर, म्हणजे आत झोपायची सोय असलेली व्हॅन, का नाही घेतली, असंही विचारतात. आम्हाला दोन्ही बेटं निवांत फिरायची होती. डिसेंबर-जानेवारी म्हणजे तिथला ऐन उन्हाळा, भाडी गगनाला भिडलेली. जुनी व्हॅन घ्यायची आणि फिरून झालं की पुढच्या प्रवाशाला विकायची, हे तिथे सर्रास चालतं. जगावेगळं काही आम्ही केलं नाही. गाडीवर कर्ज आहे का, तेही सरकारी नोंदणीत तपासलं होतं. नव्हतं. तेवढ्यावरच आम्ही निर्धास्त झालो, आणि विकणाऱ्याने ते ओळखलं.

दक्षिण ऑकलंडमधलं घर. अंगणात १९९८ची टोयोटा हायएस, मागे लाकडी पलंग, गॅसची शेगडी, खिडक्यांना पडदे. शेजारी आणखी तीन व्हॅन. "मित्रांच्या आहेत, फिरायला गेलेत," म्हणाला. व्हॅनवाले मित्र व्हॅन इथे ठेवून कशातून फिरायला गेले, हे नवऱ्याने मला गाडी घेतल्यानंतर विचारलं!

गाडी कुणाच्या नावावर, तर आणखी एका मित्राच्या. तो म्हणे मायदेशी परतला. इथे आम्ही उठायला हवं होतं. पण माणूस इतका मोकळा, चहा काय देतो, नकाशावर कुठे मुक्काम करा ते काय दाखवतो. शिवाय साडेपाचला दुसरं गिऱ्हाईक यायचं होतं. ते नेहमीच येणार असतं.

मी वाकून गाडीच्या खाली पाहिलं होतं, हे मुद्दाम सांगते. खालची बाजू काळीभोर, एकसारखी, चकचकीत. मला वाटलं, वा, काय निगा राखलीय. वासही येत होता, ताज्या डांबरासारखा. त्याच्या उजव्या हाताच्या नखांत काळं भरलं होतं. चहाचा कप देताना ती नखं माझ्या डोळ्यांसमोर होती. पंचवीस वर्षं खारी हवा खाल्लेल्या गाडीचं पोट नवं कोरं कसं दिसेल? गंज झाकायला आदल्या दिवशी थापलेला थर होता तो. आज लिहितानाही हात थरथरतो.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट, कारण ती लिहिलेलीच होती. तिथे पेट्रोलवरचा रस्तेकर पंपावरच कापला जातो. डिझेलवर तसा नाही, म्हणून डिझेल स्वस्त दिसतं आणि नवखा माणूस हुरळतो. डिझेल गाडीला कर आगाऊ भरायचा, किलोमीटरवर, दर हजाराला ७६ डॉलर. रोड यूजर चार्जेस, तिथल्या बोलीत 'रक्स'. कुठल्या आकड्यापर्यंत भरलाय त्याचं लेबल काचेवर असतं. लेबलावर ३,२४,००० होतं आणि मीटरवर ३,४२,०००. अठरा हजारांचा कर कुणी भरलेलाच नव्हता, आणि गाडी नावावर झाली की थकबाकीही नव्या मालकाच्या गळ्यात. डॅशबोर्डवर उन्हासाठी म्हणून त्याने टॉवेल पसरला होता, त्याची घडी बरोबर त्या लेबलावर. "रक्स ऑल पेड," हे तो तोंडाने बोलला होता. म्हणून सांगते, डॅशबोर्डवर काहीही पसरलेलं असेल तर आधी उचला. आणि जे तो तोंडी सांगेल ते मेसेजवर लिहून मागा. खासगी व्यवहारातही खोटं सांगून विकलं तर दाद मागता येते, पण खोटं बोलल्याचा पुरावा लागतो. जाहिरातीचा स्क्रीनशॉट घ्या, पैसे दिल्याच्या रात्रीच ती गायब होते.

पैसे रोख. ९,५०० सांगितले होते, रोखीने दिले तर ३०० कमी. बँकेतून पाठवले असते तर निदान त्याचं खरं नाव तरी कागदावर राहिलं असतं. ते ३०० वाचवल्याचा आम्हाला तेव्हा किती आनंद!

मग पावती. गाडी विकताना वॉरंट ऑफ फिटनेस, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याचा दाखला, तिथल्या बोलीत 'वॉफ', एका महिन्याच्या आतला द्यावा लागतो. अपवाद एकच, घेणाऱ्याने 'ॲज इज, व्हेअर इज', म्हणजे आहे तशी, आहे त्या अवस्थेत घेतो, असं लेखी मान्य केलं तर. त्याने ती ओळ पावतीत आधीच टाकून ठेवली होती. "इथे सगळेच लिहितात." सगळे लिहीत नाहीत. ती ओळ दिसली की तिथून निघा.

पुढचं थोडक्यात. संडासाची स्वतःची सोय असलेल्या, म्हणून मोकळ्या जागी मुक्काम करता येणाऱ्या गाडीला तिथे स्टिकर मिळतं. नव्या हिरव्या स्टिकरची गाडी म्हणून विकली, निघाली जुन्या निळ्या स्टिकरची, तीही पेटीतल्या सुट्या संडासाची. २०२३च्या कायद्यानंतर संडास पक्का बसवलेला आणि पलंग अंथरल्यावरही वापरता येणारा लागतो. समुद्रकाठी रात्र काढली, सकाळी ४०० डॉलरचा दंड. फेरीने वेलिंग्टनहून पिक्टनला उतरलो, नेल्सनला वॉफसाठी गाडी नेली. तपासनिसाने दाराखालची पट्टी अंगठ्याने दाबली. काळा थर पापुद्र्यासारखा सुटला आणि आतून तपकिरी भुगा त्याच्या बुटावर पडला. तो काही बोलला नाही, नुसता फॉर्मवर लिहीत राहिला. दुरुस्तीचा अंदाज ५,६०० डॉलर. गाडी घेण्याआधी करून घ्यायची तपासणी ऑकलंडमध्ये १८० डॉलरला होत होती.

आता आपल्याला मदत करायला बसलेल्या लोकांबद्दल.

पोलिसांनी पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. "ही दिवाणी बाब." अहो, रंग फासून गंज लपवणं, कर भरल्याचं खोटं सांगणं, यात दिवाणी काय? उत्तर नाही, एक छापील पत्रक. गाडी नोंदणीच्या खात्याला फोन केला, बराच वेळ संगीत ऐकलं, मग एका गोड आवाजाने सांगितलं की गाडी तुमच्या नावावर म्हणजे कर तुमचा. आदल्या मालकाचा पत्ता द्या म्हटलं तर गोपनीयता. अठरा हजार किलोमीटरचा कर बुडेपर्यंत हे खातं झोपलं होतं, आणि आमचं नाव चढताच खडबडून जागं झालं! कार्यालयीन शुल्क वेगळं लावलं, ते मी वरच्या हिशेबात धरलेलंही नाही.

छोट्या दाव्यांच्या न्यायपीठाकडे गेलो. वकील लागत नाही म्हणतात, खरं आहे. पण समोरच्याचं नाव-पत्ता लागतो. ज्याच्या नावावर गाडी होती तो विकणारा नव्हता, विकणाऱ्याचं नाव कधी नोंदीत आलंच नाही, आणि घर भाड्याचं, ते रिकामं झालेलं. अर्ज परत.

मग कुणीतरी सांगितलं की बारा महिन्यांत सहापेक्षा जास्त गाड्या विकणारा कायद्याने व्यापारी ठरतो, त्याला परवाना लागतो, आणि व्यापाऱ्याकडून घेतलेल्या गाडीला ग्राहक संरक्षणाचा कायदा लागू होतो. आम्ही आशेने संबंधित कार्यालयात लिहिलं, अंगणातल्या तीन व्हॅनबद्दलही. उत्तर आलं, सहापेक्षा जास्त विक्री दाखवणारे पुरावे पाठवा. म्हणजे तपासही आम्हीच करायचा, तोही परदेशी पर्यटकांनी, व्हिसाचे दिवस मोजत! त्यांच्याकडे नोंदी आहेत, माणसं आहेत, अधिकार आहेत. आमच्याकडे एका टॉवेलची आठवण.

विकणारा आणि नोंदीतला मालक वेगळे असतील तर घेऊच नका, कितीही गोड कारण सांगितलं तरी. गाडी बघायला ऊन-पाऊस न बघता दिवसा जा, खाली झोपून बघा, ताज्या काळ्या थरावर नख मारा. हिरव्या स्टिकरवर विसंबू नका, गाडीच्या नंबरावरून त्याची नोंद शोधा. मार्च-एप्रिलमध्ये परतणारे प्रवासी पडेल भावात विकतात. आमच्यासारखं नोव्हेंबरात ऑकलंडला घेऊ नका, तेव्हा सगळे घेणारेच असतात आणि त्याला हे पक्कं ठाऊक असतं.

त्या घरातून आणखी कुणी व्हॅन घेतली असेल, पावतीवर तीच ओळ असेल, खाली तोच काळा थर असेल, तर तारीख आणि गाडीचा नंबर मला कळवा. त्या कार्यालयाला सातवी गाडी हवी आहे. आमची धरून आत्ता दोन झाल्यात.