दुर्बिणीवरचं दहिवर: टोप की हीटरचा पट्टा?

बेळगावजवळ जांबोटीच्या बाजूला हिवाळ्यात शेतात रात्र काढलेल्यांना दहिवर म्हणजे काय ते सांगायला नको. पहाटे अंगावरचं घोंगडं पिळून घ्यावं लागतं. अशा जागी ८ इंची श्मिट-कॅसेग्रेन (तोंडावर काच असलेली आरशांची दुर्बीण) लावली की पुढची काच कोरडी कशी ठेवायची, एवढीच चिंता उरते. मी दोन हिवाळे टोप, म्हणजे तोंडापुढे येणारं नळीसारखं आवरण, वापरला आणि गेल्या हिवाळ्यापासून काच उबदार ठेवणारा विजेचा पट्टा वापरतोय.

टोप मला अजूनही आवडतो. योगा मॅट कापून गुंडाळायची, व्हेल्क्रो लावायचं आणि आतली बाजू काळी ठेवायची. व्यासाच्या दीडपट, म्हणजे १२ इंच पुढे आला तर उत्तम. दहिवर ‘पडतं’ असं आपण म्हणतो खरं, पण ते वरून येत नाही. निरभ्र आकाशाखाली उघडी काच उष्णता गमावत हवेपेक्षा गार होते आणि हवेतली वाफ तिच्यावर धरते. टोपामुळे काचेला आकाश कमी दिसतं, म्हणून ती सावकाश गार होते. शिवाय बॅटरी लागत नाही आणि बाजूचा उजेडही अडतो. बेळगावात गच्चीवरून अकरापर्यंत गुरू-शनी बघून झोपणाऱ्याने बहुधा पुढचं वाचायचीही गरज नाही.

मला मात्र नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा दाट गुच्छ हवा असतो. आपल्याकडून तो दक्षिणेला २६-२७ अंशांपर्यंतच चढतो आणि फेब्रुवारीच्या मध्यात त्यासाठी पहाटेचे चार वाजतात. टोप तोवर साथ देत नाही. साडेबाराच्या सुमारास व्याधाभोवती खळं दिसायला लागतं, चंद्राला पडतं तसं. पाऊण तासात मृगातला तेजोमेघ पिंजलेल्या कापसासारखा होतो. मग टोप काढा, हेअर ड्रायर शोधा आणि शेतात वीज असेल तर काच वाळवा. फडक्याने पुसायची सोय नाही, लेपावर ओरखडे येतात. वाळवलेली काच माझ्या अनुभवात वीस मिनिटंही टिकत नाही. एका रात्री चार वेळा वाळवली आणि चारच्या ठोक्याला ती पुन्हा ओलीच होती. त्या पहाटे मी मनातून टोपाला रजा दिली.

पट्टा काचेच्या कडेमागे नळीभोवती बसतो. १२ व्होल्टवर पूर्ण ताकदीने चालवला तर माझा एक ॲम्पियरच्या आसपास ओढतो. ७ ॲम्पियर-तासांची यूपीएसची बॅटरी तेवढ्यावर रात्रभर पुरायची नाही, म्हणून ताकद कमी-जास्त करणारा कंट्रोलर घेऊन निम्म्यावर ठेवतो. काच हवेपेक्षा थोडीशी उबदार राहिली की भागतं. जास्त तापवली तर ग्रहाची कड उकळल्यासारखी हलते. वायरीचा त्रास आहेच. माउंट (दुर्बीण फिरवणारी बैठक) फिरतं तशी ती गुंडाळली जाते आणि अंधारात पायात येते. मी ती हँडलला सैल वेटोळं देऊन बांधतो, तरी तासाभराने एकदा चाचपून बघावं लागतं.

न्यूटोनियन, म्हणजे उघड्या तोंडाची आरशांची दुर्बीण असेल तर गोष्ट थोडी वेगळी. मुख्य आरसा नळीच्या तळाशी असल्यामुळे बराच सुरक्षित असतो. तिथे आधी तोंडाजवळचा दुय्यम आरसा आणि फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) ओला होतो.

खर्च आणि बॅटरीचं ओझं बघता कुणी टोपच घेतला तर मी वाद घालणार नाही. पण गेल्या फेब्रुवारीत नळीवरून पाणी ओघळत होतं, नकाशाचा कागद भिजून फाटला होता, आणि काच कोरडी होती. ओमेगा सेंटॉरीच्या कडेचे तारे एकेक सुटे दिसले. पट्टा लावणार असाल तर अंधार पडताच सुरू करा, काच ओली व्हायची वाट बघू नका. आणि फाइंडरसाठी छोटा पट्टा त्याच वेळी घेऊन ठेवा, माझा अजून घ्यायचा राहिलाय.