आजोळच्या तालमीची जर्सी सोलापुरात करून घेतली, त्या दुकानाबद्दल

सोलापुरात मनासारखी फुटबॉल जर्सी मिळत नाही म्हणून जे लोक ऑनलाइन मागवून पस्तावतात त्यांच्यासाठी हे लिहितोय. कन्ना चौकाच्या आतल्या बाजूला हे दुकान आहे, खाली काउंटर आणि वर शिलाईच्या मशीनी. मूळ धंदा शाळेच्या युनिफॉर्मचा, आता त्याच कारागिरांच्या हाताखाली टीमच्या जर्सी पण करायलेत. पाचपैकी चार स्टार देतोय, आणि एक कापलाय तो रेडिमेड मालासाठी, त्याचं पुढं सांगतो.

मला सगळ्यात आवडलं ते मालकांचं विचारणं. दुसरीकडं गेलं की पहिला प्रश्न, मेस्सी का रोनाल्डो. इथं मालकांनी विचारलं, "कुठली टीम? तिकडं कोण हाय तुमचं?" आणि मी कोल्हापूरची पाटाकडील तालीम म्हणल्यावर त्यांनी परत विचारलं नाही की हा कुठला क्लब, त्यांना माहीत होतं, कारण कोल्हापूरच्या ऑर्डरी त्यांच्याकडं येतात म्हणे. मला तिथंच बरं वाटलं.

आता माझं पाटाकडीलशी नातं काय, तर आईचं माहेर कोल्हापूरची मंगळवार पेठ. आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी करायची पद्धत, त्यामुळं घर सोलापूरचं, शाळा सोलापूरची, बोलणं सोलापूरचं आणि जन्मदाखल्यावर मात्र कोल्हापूर. महाराष्ट्रात असे किती थोरले असतील ज्यांचं मूळ गाव वडिलांकडचं आणि जन्मगाव आईकडचं, पण त्यावर कुणी फारसं बोलत नाही. माझ्या बाबतीत तर फुटबॉल आईकडूनच आलाय. सुट्टीत मामा शाहू स्टेडियमला न्यायचे आणि तिथं कुणी तुला कुठला क्लब आवडतो असं विचारत नाही, कुठल्या पेठेतला तू असं विचारतात आणि उत्तरात क्लब येतोच. शिवाजी पेठेतला असला तर शिवाजी तरुण मंडळ नाहीतर खंडोबा, मंगळवार पेठेतला असला तर पाटाकडील, बालगोपाल, प्रॅक्टिस यातलं एखादं. पोरगं चालायला लागायच्या आधी हे ठरलेलं असतंय.

आणि आमच्या मामी शिवाजी पेठेतल्या. लग्न होऊन मंगळवार पेठेत आल्या त्याला आता जमाना झाला, पण पाटाकडील आणि शिवाजीची मॅच असली की त्या दिवशी मामी मामांशी मॅचबद्दल एक शब्द बोलत नाहीत, कोण जिंकलं ते आपल्या भावाला फोन लावून विचारतात. "आडनाव बदललं, टीम कशाला बदलू?" असं त्या सरळ म्हणतात आणि मामांना पण ते मान्य आहे. मला हे फार मोठं वाटतं.

तर आम्ही सगळ्यांनी मिळून ऑर्डर दिली, टर्फवर रविवारी खेळणारी आमची पोरं, आणि ज्याची त्याची वेगळी जर्सी. एक मित्र रेल्वे लाइन्सकडचा, त्याचे आजोबा रेल्वेत होते म्हणून हे बंगाली कुटुंब सोलापुरात राहिलं. मूळ घर आताच्या बांगलादेशातलं, बारिसालकडचं, फाळणीत सुटलं. हा जन्मला सोलापुरात, शेंगा चटणी आणि कडक भाकरीवर वाढला, आमच्यापेक्षा जास्त "काय बे" करतो, पण क्लब कुठला तर कलकत्त्याचा ईस्ट बंगाल, त्यात दुसरा विचारच नाही. १९२० मध्ये तिथल्याच जोडाबागान क्लबच्या टीममधून पूर्व बंगालच्या एका खेळाडूला बाहेर बसवलं त्या रागातून हा क्लब निघाला, आणि पुढं १९४७ नंतर घरदार सोडून कलकत्त्यात आलेल्या लाखो लोकांना आपलं म्हणायला हाच सापडला. समोर मोहन बागान, १८८९ चा, १९११ ला एक सोडून सगळे अनवाणी खेळून इंग्रजांच्या पलटणीला हरवून आयएफए शील्ड ही स्पर्धा जिंकलेला, तो पश्चिमेकडच्यांचा म्हणजे घोटी लोकांचा. ईस्ट बंगाल जिंकला की ताटात हिलसा मासा, मोहन बागान जिंकला की कोळंबी. या मित्रानं बारिसाल कधी बघितलं नाही, त्याच्या वडिलांनी पण नाही, तरी लाल-सोनेरी रंग त्याच्या घरात तीन पिढ्या आहेत.

धाकट्या भावाचं वेगळं. तो सोलापूरच्या दवाखान्यात जन्मला, त्याला कोल्हापूरची ओढ तेवढी नाही, त्यानं स्पेनच्या ॲथलेटिक बिल्बाओची लाल-पांढऱ्या पट्ट्यांची मागितली. कारण तिथं खेळणारे विल्यम्स भाऊ. या क्लबमध्ये फक्त बास्क भागात जन्मलेले नाहीतर तिथल्या फुटबॉलमध्ये तयार झालेले खेळाडू घेतात, दुसरं कुणी नाही, आणि एवढं बंधन पाळून पण रेआल माद्रिद आणि बार्सिलोनासारखाच हा क्लब पहिल्या डिव्हिजनमधून कधी खाली गेलेला नाही, २०२४ ला तर चाळीस वर्षांनी कोपा देल रे हा स्पेनचा कप पण जिंकला. आता विल्यम्स भावांचे आईवडील घानाचे, सहारा वाळवंट पायी ओलांडून स्पेनला आलेले. थोरला इन्याकी बिल्बाओत जन्मला, धाकटा निको पाम्प्लोनात. क्लब दोघांचा एकच, पण थोरला घानाकडून वर्ल्ड कप खेळला आणि धाकट्यानं स्पेनकडून युरो २०२४ च्या फायनलला गोल मारला. म्हणजे एका घरातल्या दोन भावांनी मुळं आणि जन्मगाव यांचा हिशोब वेगवेगळा लावला आणि दोघंही बरोबर. ईस्ट बंगालमध्ये जन्म कुठं झाला याला महत्त्व नाही, आजोबा कुठले याला आहे. बिल्बाओत आजोबा कुठलेही असू देत, तू इथं जन्मलास, इथं शिकलास, तू आमचा. मला दोन्ही पटतं. जे पटत नाही ते म्हणजे यंदा कप कुणी उचलला ते बघून जर्सी घ्यायची आणि पुढच्या वर्षी बदलायची.

दुकानाचे मालक स्वतः सोलापूरच्या पूर्व भागातले, घरात तेलुगू, पणजोबा करीमनगरकडून मागावर काम करायला सोलापुरात आलेले. काउंटरच्या मागं हैदराबाद एफसीची पिवळी जर्सी फ्रेम करून लावलीय, २०२२ ला आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीग जिंकला तेव्हाची. मी विचारलं की पुणं जवळ होतं ना, तर म्हणाले, पुण्याचा क्लब बंद पडला, २०१९ ला त्याच्याच जागी हैदराबाद आलं, आणि आता ते पण दिल्लीला नेलं. बोलताना खरंच वाईट वाटत होतं त्यांना. फ्रँचायझी उचलून दुसऱ्या शहरात ठेवता येते, तिथल्या माणसांचं काय करायचं याचा विचार कोण करतंय? इंग्लंडमध्ये विंबल्डनचा क्लब मिल्टन कीन्सला न्यायचं ठरलं तेव्हा लोकांनी २००२ मध्ये आपला स्वतःचा एएफसी विंबल्डन काढला आणि खालच्या डिव्हिजनपासून वर आणला. आमची तालीम कोण उचलून नेणार, ती पेठेतच राहणार.

आता माल. करून घेतलेली जर्सी एक नंबर. डॉट निट म्हणजे बारीक ठिपक्यांच्या विणीचं पॉलिस्टर, अंगाला चिकटत नाही, एप्रिलच्या सोलापुरात दुपारी घालून बघितलीय. छपाई सब्लिमेशनची, म्हणजे कागदावरचा रंग साधारण २०० डिग्रीला दाबून धाग्यातच उतरवतात, म्हणून हाताला लागत नाही, धुवून भेगा पडत नाहीत. कॉटनवर हे होत नाही, त्यामुळं कॉटनमध्ये करून द्या असा हट्ट धरू नका. भावाच्या जर्सीचे पट्टे मी मुद्दाम तपासले, खांद्याच्या शिवणीवर पुढचा लाल पट्टा मागच्या लाल पट्ट्याला जिथं मिळतो तिथं एक सूत पण इकडं तिकडं नाही, कारण हे लोक आधी तुकडे छापतात, मग पट्टा धरून जोडतात आणि वरनं फ्लॅटलॉक म्हणजे चपटी शिवण मारतात. वर एक मावशी हे काम करतात, पिना न लावता नुसत्या बोटांनी दोन पट्टे जुळवून मशीनखाली सरकवतात. ३८० रुपयांत ही शिलाई मिळत असेल तर सोलापूरचं नाव आहे ते उगाच नाही. मागं आडनावाऐवजी मी पेठेचं नाव टाकून घेतलं, मराठीत, आणि जोडाक्षर कुठं फुटलेलं नाही.

रेडिमेड रॅक मात्र बघू पण नका. मोठ्या युरोपियन क्लबच्या कॉप्या आहेत, मालक स्वतःच कॉपी आहे म्हणून सांगतात हा त्यांचा प्रामाणिकपणा, पण बिल्ला वरनं चिकटवलेला, मित्रानं घेतलेल्या एकाचा कोपरा दुसऱ्याच धुण्यात सुटला. बदलून द्यायला पण तयार नव्हते, हे मला आवडलं नाही. असला माल ठेवायचाच कशाला, तेवढ्या जागेत आपल्या जिल्ह्यातल्या टीमांच्या जर्सी लटकवल्या असत्या तर पोरांनी बघितल्या तरी असत्या.

ऑर्डर देणार असाल तर मे-जून टाळा, तेव्हा शाळेच्या युनिफॉर्मची घाई असते आणि जर्सी मागं पडते, आमची तशीच लांबली. साईज एक नंबर मोठीच सांगा, फिटिंग टाइट येतंय. डिझाइन मोबाईलवर पाठवताना स्क्रीनशॉट नको, मूळ फाईल द्या. ॲडव्हान्स निम्मा घेतात, यूपीआय चालतं. संध्याकाळी सातच्या पुढं गेलात तर मालक निवांत भेटतात, तेव्हा कुठली टीम का पाहिजे ते पण सांगा, त्यांना ऐकायला आवडतं.