सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला मी खोटे पूर्वज विकत आणले

सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला काय द्यायचं यावर आमच्याकडे दोन महिने खल चालला होता. ते इंग्लंडमधल्या नॉरफोकचे. वडील शेतमजूर, आजोबा शेतमजूर. त्यांच्या आधी कोण होतं हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं आणि त्याची रुखरुख त्यांच्या बोलण्यात नेहमी यायची. मी नाशिकची. लहानपणी वडिलांबरोबर त्र्यंबकेश्वरला गेले होते, तेव्हा उपाध्यायांनी गाव आणि आडनाव विचारून चोपडा काढला आणि माझ्या पणजोबांची सही दाखवली. तेव्हापासून माझी समजूत अशी, की प्रत्येक घराण्याचा चोपडा कुठेतरी असतोच, तो उघडून देणारा माणूस तेवढा भेटायला हवा. याच समजुतीपायी मी ७७० पाउंड घालवले. त्याहून वाईट म्हणजे, एका म्हाताऱ्या माणसाला मी खोटे पूर्वज दिले.

वंशावळ शोधून देतो म्हणणारा तो माणूस मला इंटरनेटवर सापडला. बोलायला अतिशय सभ्य. १८० पाउंडांचा पहिला हप्ता दिला आणि तीन आठवड्यांत चाळीस पानांचा अहवाल आला. त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं, हे मुद्दाम सांगते, कारण गळ इथेच असतो. इंग्लंडमध्ये जन्म, विवाह आणि मृत्यूची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. तिची सूची आता घरबसल्या फुकट बघता येते, दाखले थोडक्या पाउंडांत कुणालाही मागवता येतात. १८४१ पासूनच्या जनगणनेत माणसांची नावं मिळतात. म्हणजे पहिल्या चार-पाच पिढ्या मीही काढू शकले असते. पण सासऱ्यांच्या आजोबांचा जन्मदाखला प्रत्यक्ष हातात आल्यावर माझा त्या माणसावर पूर्ण विश्वास बसला.

खरी अडचण १८३७ च्या मागे सुरू होते. आमच्या घराण्यात १८३९ चा एक विवाह आहे. त्या दाखल्यात नवऱ्या मुलाच्या वडिलांचं नाव जॉन आणि धंदा शेतमजुरी एवढंच आहे. हा जॉन १८५१ च्या आधी वारला. १८५१ च्या जनगणनेत जन्मगाव लिहायला लागले. १८४१ च्या नोंदीत मात्र माणूस त्याच परगण्यात जन्मला की नाही एवढंच विचारलेलं असतं, घरातल्यांची आपसातली नाती लिहिलेली नसतात आणि मोठ्यांची वयंही बहुधा पाचाच्या पटीत खाली आणलेली असतात. त्यामुळे हा जॉन कुठला, हे १८४१ वरून कळत नाही. प्रामाणिक माणूस इथे थांबतो आणि तसं सांगतो. आमच्या माणसाने २४० पाउंड मागितले.

त्या पैशांत त्याने तीस मैलांवरच्या एका गावातला, त्याच नावाआडनावाचा, १७८५ मध्ये बाप्तिस्मा झालेला जॉन उचलला. हा जमीनदाराचा मुलगा होता. जमीनदाराचा मुलगा शेतमजूर कसा झाला, असं मी विचारलं होतं. ‘घराण्याला उतरती कळा लागली’ असं उत्तर आलं आणि मला ते पटलं. आपल्याकडेही अशा गोष्टी ऐकलेल्या असतातच. मग ३५० पाउंडांत तो थेट १०६६ साली इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मंडीच्या विल्यमबरोबर आलेल्या सरदारापर्यंत पोचला, आणि वर ‘आडनावाचं कुलचिन्ह’ रंगवलेली लाकडी ढाल पाठवली. मूळ नोंदींचे फोटो मी मागितले होते. १९९४ मध्ये नॉरफोकचं मुख्य शहर नॉर्विच, तिथल्या ग्रंथालयाला आग लागली, त्यात सगळं जळालं, असं त्याने कळवलं. आग खरीच लागली होती, त्यामुळे मी गप्प बसले.

वाढदिवसाला सासरे रडले. ढाल दिवाणखान्यात लागली.

प्रकरण उघडं पडलं ते त्यांच्यामुळेच. त्र्यंबकची गोष्ट मी त्यांना सांगितली होती, तेव्हा वसंतात ते म्हणाले, “तू तुझ्या पणजोबांचं अक्षर पाहिलंस. मला माझ्यांचं बघायचंय.” आम्ही नॉर्विचच्या अभिलेखागारात गेलो. तिथे वाचकाचं कार्ड फुकट मिळतं, फक्त पेन बाहेर ठेवून पेन्सिल घ्यावी लागते. आगीचं विचारलं तेव्हा कळलं, की वरच्या ग्रंथालयाची पुस्तकं जळाली, पण तळघरातले हे दस्तऐवज भिजले तरी वाचले होते.

तिथल्या बाईंनी अहवाल वाचायला घेतला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. जमीनदाराचा स्वतःचा बाप्तिस्मा: ८ सप्टेंबर १७५२. असा दिवस इंग्लंडमध्ये उगवलाच नाही. त्या वर्षी पंचांग बदललं आणि २ सप्टेंबरनंतर एकदम १४ तारीख आली. पुढे १७२१ ची नोंद होती. तिच्यात बापाचा धंदा आणि राहण्याचं ठिकाण वेगवेगळ्या रकान्यांत नीट भरलेलं. असे छापील रकाने बाप्तिस्म्याच्या वह्यांमध्ये १८१३ पासून आले. त्याआधी पाद्री आपल्या मनाने एखाद-दुसरी ओळ लिहीत. शेवटी त्यांनी त्या तीस मैलांवरच्या गावाची दफनाची वही काढली. १७८५ मध्ये बाप्तिस्मा झालेला तो जॉन दोन वर्षांचा होण्याआधीच पुरला गेला होता. ते बाळ माझ्या सासऱ्यांचं पूर्वज होऊच शकत नव्हतं.

सासरे काही बोलले नाहीत. मला मात्र तिथे बसवेना.

तुम्ही इंग्लंडमध्ये राहत असाल, इथे सोयरीक झाली असेल किंवा मित्रासाठी असं काही करवून घेत असाल, तर एवढं कराच. प्रत्येक पिढीला जोडणारा कागद मागा, त्याचा अभिलेखागारातला क्रमांक आणि फोटो मागा, आणि निवडलेलं मूल लहानपणी वारलं नाही ना, हे दफनाच्या वहीत बघायला लावा. चर्चमधल्या नोंदवह्या ठेवण्याचा हुकूम १५३८ चा आहे, आणि पुष्कळ गावांच्या वह्या त्याहून बऱ्याच उशिरा सुरू होतात. यादवी युद्धाच्या काळात, १६४० नंतरची वीसेक वर्षं, कित्येक ठिकाणी पानंच्या पानं कोरी आहेत. १५३८ च्या मागे गरिबाचं नाव सापडलं तर ते नशीब. १०६६ च्या लढाईत हजर होते असं पुराव्याने सांगता येईल अशी माणसं तर मोजकीच आहेत. आणि आडनावाचं कुलचिन्ह असं काही नसतंच. ते एका व्यक्तीला मिळतं आणि तिच्या पुरुषवंशात चालतं. त्याची नोंद लंडनचं कॉलेज ऑफ आर्म्स ठेवतं, तिथे विचारता येतं.

हा धंदा जुना आहे. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरचा गुस्ताव्ह अंजू श्रीमंत अमेरिकनांना बनावट वंशावळी करून विकायचा. तो १९४२ मध्ये वारला, पण त्याने घुसडलेले पूर्वज आजही लोकांच्या वंशवृक्षांत सापडतात. म्हणून दुसऱ्याचं झाड बघून आपलं झाड वाढवू नका.

पैसे परत मिळाले नाहीत. तिन्ही हप्ते मी बँकेतून थेट त्याच्या खात्यावर पाठवले होते. १०० पाउंडांच्या वरची खरेदी क्रेडिट कार्डाने केली असती, तर इथल्या कायद्याने कार्ड देणारी कंपनीही जबाबदार धरता आली असती. मी विचारणा करायला लागल्यावर त्याचा फोन बंद झाला.

त्यानंतर सासरे आणि मी दर महिन्याला नॉर्विचला जायला लागलो. खरा जॉन आठ महिन्यांनी सापडला, चर्चच्या कागदांमध्ये. गरिबाने मदत मागितली की तो नक्की कुठल्या गावचा, हे ठरवायला त्याची जबानी घेत. कारण पोसायचा खर्च त्या गावावर पडायचा. १८२० च्या दशकातल्या त्या एका पानात जॉन आपलं जन्मगाव सांगतो, कुठल्या शेतकऱ्याकडे वर्षभराच्या बोलीवर चाकरी केली ते सांगतो, बायको आणि मुलांची नावं सांगतो. मुलांत १८३९ च्या विवाहातला मुलगा आहे. सहीच्या जागी फुली आहे.

सासरे त्या फुलीकडे खूप वेळ बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, “तुझ्या पणजोबांनी सही कशी केली होती?”

“मोडीत,” मी म्हणाले, आणि पेन्सिलीने कागदावर काढून दाखवायचा प्रयत्न केला.