मनोरुग्णालयात दाखल व्हायची वेळ आली तर आपल्या बाजूनं बोलणार कोण?

मानसिक आजाराची झळ लागलेल्या प्रत्येक घरानं हा निर्णय माणूस बरं असतानाच घ्यायला हवा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ यात त्यासाठी काही वाटा आहेत. त्यातली कुठली कुणासाठी, ते अनुभवातून सांगतो.

पहिली वाट नामनिर्देशित प्रतिनिधीची, म्हणजे रुग्णानं स्वतः नेमलेल्या माणसाची. साध्या कागदावर नाव लिहायचं, सही किंवा अंगठा करायचा आणि त्या सज्ञान व्यक्तीची लेखी संमती घ्यायची. नात्यातलंच माणूस हवं असं नाही, मैत्रीणही चालते. मन बदललं तर नाव बदलता येतं. या प्रतिनिधीला डॉक्टरांकडून आजाराची, उपचारांची माहिती मागता येते, घरी सोडताना काय व्यवस्था करायची यात बोलता येतं, हक्क डावलले गेले तर याच कायद्याखाली अशा तक्रारी ऐकणाऱ्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागता येते. नाव दिलंच नाही, तर ही भूमिका बहुधा नातेवाइकाकडे जाते.

पण इथंच एक पेच आहे. आजार तीव्र असताना कलम ८९ खाली ३० दिवसांपर्यंत दाखल करून घेतात, ते याच प्रतिनिधीच्या अर्जावर. माझ्या भावाचा प्रतिनिधी मी होतो. अर्जावर सही माझी, आणि “दादा, मला घरी ने” ही विनवणीही मलाच. माया होती, पण रात्री जागून घर थकलं होतं. तो आणखी थोडे दिवस तिथंच राहावा असं मला वाटत होतं. त्याच्या बाजूनं निखळपणे बोलायला मी मोकळा नव्हतो.

त्या जागी विधी सेवा प्राधिकरणाचा, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेचा वकील हवा. मनोरुग्णालयात असलेल्या व्यक्तीला तो मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो, हेल्पलाइन १५१००. कलम २७ प्रमाणे रुग्णालयाच्या प्रमुखानंच रुग्णाला या हक्काची माहिती द्यायची असते. वकील घरच्यांचा नाही, रुग्णाचा. मंडळाकडे अर्जाला शुल्क नाही, आणि कलम ८९ खाली दाखल करण्याला आव्हान दिलं तर सात दिवसांत निर्णय द्यायचा असतो. मात्र हा वकील आपल्या माणसाला ओळखत नसतो. भाऊ घाबरला की बोलायचाच बंद होतो, हे त्याला कोण सांगणार?

रुग्णाच्या संमतीनं नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थाही मंडळाकडे जाऊ शकते. पुण्या-ठाण्याकडे आधारगट आहेत; तिथं रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. घरी आल्यानंतरच्या लांब पल्ल्याला त्यांच्यासारखा आधार नाही. लहान गावात मात्र अशी संस्था शोधूनही सापडत नाही. टेली-मानस या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा नंबर समुपदेशनासाठी जरूर वापरा, पण आपली बाजू मांडायला तिथून कुणी येणार नाही.

माझं मत असं. घरात विश्वासाचं माणूस असेल तर प्रतिनिधी तेच करा, आणि १५१०० हा नंबर रुग्णाच्या स्वतःच्या हाती ठेवा. नवऱ्याशी तंटा किंवा जमिनीचा वाद चालू असेल, तर त्या व्यक्तीचं नाव चुकूनही देऊ नका; मैत्रीण किंवा सहकारी निवडा. नाव न देताच कुणी दाखल झालं असेल आणि घरच्यांशी पटत नसेल, तर वेळ न दवडता वकील मागा. भावानं बरं झाल्यावर माझं नाव काढून त्याच्या शाळेतल्या मित्राचं लिहिलं. त्या कागदाची एक प्रत डॉक्टरांच्या फाइलला आहे, एक त्याच्या पाकिटात.