थंडीच्या लॉनचं विलायती मिश्रण: नागपूरच्या अंगणात किती टिकतं?

दिवाळी आटोपली की लॉनच्या बियाण्याची चौकशी सुरू होते आणि ऑनलाइन हेच 1 किलोचं पाकीट आधी समोर येतं. पुढे मोठ्या अक्षरांत ‘वर्षभर हिरवं’. मागे बारीक अक्षरांत घटक: पेरेनियल रायग्रास 60 टक्के, टॉल फेस्क्यू 30, केंटकी ब्लूग्रास 10. नागपूरसाठी यातलं रायग्रास तेवढं कामाचं, आणि तेही नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत. ‘पेरेनियल’ म्हणजे बहुवार्षिक हे खरं, पण ते श्रीनगर-शिमल्याकडे. या गवतांची वाढ 15 ते 24 अंशांत उत्तम होते. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ओलांडतो, जमीन रात्रीही तापलेली राहते, आणि गवताने दिवसा कमावलेलं सगळं रात्रीच्या श्वसनातच संपतं. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, कितीही पाणी मारलं तरी ते वाचत नाही.

मिश्रणाचा खरा घोळ वजनाच्या टक्क्यांत आहे. रायग्रासच्या एका ग्रॅममध्ये साधारण 500 दाणे बसतात, ब्लूग्रासच्या 3000 च्या आसपास. म्हणजे किलोभर पाकिटात 600 ग्रॅम रायग्रासचे 3 लाख दाणे आणि जेमतेम 100 ग्रॅम ब्लूग्रासचेही 3 लाख! रायग्रास 5 ते 10 दिवसांत उगवतं. ब्लूग्रासला 2 ते 4 आठवडे लागतात आणि ते जोर धरेपर्यंत आपली थंडी सरत आलेली असते. फेस्क्यू उगवतं बऱ्यापैकी, पण त्याची पात रुंद आणि कडेला खरखरीत, त्यामुळे नाजूक रायग्रासमध्ये ठिकठिकाणी झुबके दिसतात. या दोघांचे पैसे वाया जातात. नुसतं रायग्रासचं पाकीट मिळत असेल तर तेच घ्यावं. मात्र चाऱ्यासाठी विकलं जाणारं वार्षिक रायग्रास घेऊ नका. ते भराभर वाढतं, पातही जाड येते.

‘1 किलोत 1000 चौरस फूट’ या दाव्यावरही जाऊ नका. तो हिशोब चौरस मीटरला 11 ग्रॅमसुद्धा होत नाही. अंगणात कायम असलेल्या हरळीच्या लॉनवर रायग्रास दाट बसवायचं तर 35 ग्रॅम लागतं, म्हणजे 500 चौरस फुटांना दीड ते पावणेदोन किलो. पेरण्याआधी रायग्रासचे 100 दाणे ओल्या कागदात गुंडाळून ठेवा आणि दहाव्या दिवशी कोंब मोजा. 80 च्या खाली आले तर पाकीट जुनं आहे, परत करा.

पेरणी 10 ते 25 नोव्हेंबरच्या दरम्यान. ऑक्टोबरच्या उकाड्यात घाई केली तर रोपं मर रोगाने जमिनीलगत कुजून आडवी पडतात. बियाण्याला किलोमागे 3 ग्रॅम थायरम हे बुरशीनाशक चोळलं तर हा धोका बराच कमी होतो. हरळीला महिनाभर आधी युरिया बंद करा, मग दीड-दोन सेंटीमीटरपर्यंत खरडून कापा आणि माती दिसेपर्यंत दंताळं मारा. नेमकं इथेच माळी हात राखतात. बी मातीला टेकलं नाही, वाळक्या काडीकचऱ्यावर अडकून राहिलं, तर उगवूनही सुकतं. अर्धं बी उभ्या दिशेने, अर्धं आडव्या दिशेने फेका. वर चाळलेलं कुजलेलं शेणखत आणि कन्हान नदीची जाड वाळू समप्रमाणात, 5 मिलिमीटरचा थर. 500 चौरस फुटांना साधारण 20 घमेली. काळ्या मातीत वाळू खणून कालवू नका, थोड्या वाळूने ती आणखी घट्ट होते. मुंग्या आणि पारवे बी उचलून नेतात, म्हणून आठवडाभर जाळी घाला.

पहिले दहा दिवस झारीने दिवसातून 3-4 वेळा हलकं पाणी. पुढे आठवड्याला 25 मिलिमीटर, म्हणजे 500 चौरस फुटांना साधारण 1200 लिटर, दोन-तीन पाळ्यांत. काळी माती पाणी सावकाश पिते. डबकं दिसलं की थांबा, अर्ध्या तासाने उरलेलं द्या.

गवत 7 सेंटीमीटर झालं की 5 वर कापा. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त नको. रायग्रासची पात चिवट असते. बोथट पात्याने ती कापली न जाता फाटते आणि दोन दिवसांत टोकं पांढुरकी पडतात. लांबून लॉन करपल्यासारखं दिसतं, मग लोक खत वाढवतात. एक पात तोडून बघा: पाठ चकचकीत, बुडखा जांभळट-लाल (ही रायग्रासची खूण) आणि टोकाला धागे लोंबत असतील, तर खतापेक्षा पात्याला धार लावायची गरज आहे. शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला असेल तर ते लोहाचं दुखणं. चुनखडीच्या मातीत लोह गवताला मिळत नाही. लिटरमागे 5 ग्रॅम फेरस सल्फेट आणि 1 ग्रॅम सायट्रिक ॲसिड, संध्याकाळी फवारा. शहाबादी फरशीवर उडालं तर तांबडे डाग कायमचे राहतात, तेव्हा कडेला गोणपाट अंथरा. युरिया उगवणीनंतर तिसऱ्या आठवड्यात आणि पुढे महिन्याने, 500 चौरस फुटांना साडेचारशे ग्रॅम, गवत कोरडं असताना, टाकल्याबरोबर पाणी.

पाकिटावर ज्याचा एक शब्द नाही, ते काम फेब्रुवारीच्या शेवटी येतं. रायग्रास तेव्हा सगळ्यात देखणं दिसतं आणि नेमकं तेव्हाच त्याला मागे सारावं लागतं. कापणी टप्प्याटप्प्याने अडीच सेंटीमीटरवर आणा, रायग्रासला खत बंद करा, पाण्याच्या पाळ्या लांबवा. ऊन जमिनीपर्यंत पोचलं की खालची हरळी फुटते. जीव तुटतो म्हणून एप्रिलभर रायग्रासला पाणी पाजत राहिलं तर हरळी सावलीत दबून मरते, मे महिन्यात रायग्रासही जातं आणि पावसाला उघड्या जमिनीवर मोथ्याचं तण उगवतं. हरळी हिरवी दिसू लागली की मार्चअखेर युरियाचा हप्ता तिला द्या आणि पाणी परत वाढवा.

उरलेलं बी हवाबंद डब्यात भरून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, थायरम लावलेलं मात्र फ्रिजमध्ये नको. माळ्यावर ठेवलं तर उन्हाळ्यात बियाण्याची उगवण जाते. कुठेही ठेवलं तरी पुढच्या नोव्हेंबरला 100 दाण्यांची चाचणी पुन्हा करा.