दुकानात लालभडक, घरी फिका: कुठला मासा उचलायचा?

मावसभाऊ निपाणीला असतो. परवा फोन करून म्हणाला, "दादा, दोन जागी टाकीत ठेवायचे गप्पी मासे बघितलो. बेळगावात दुकानात आहेत ते एकदम लालभडक, आणि इथं एकजण गच्चीवर टबात पैदास करतोय, त्याच्याकडचे जरा फिके वाटाय लागलेत. कुठले घेऊ सांग की." असा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतोच, म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच ठेवूया, ज्याला टाकी लावायची आहे त्याला दोन्ही बाजू शेजारी शेजारी ठेवून बघता येतील.

आधी दुकानातला भडक मासा. त्याच्या रंगाकडे बघायच्या आधी टाकीवरच्या लाईटकडे बघा. गुलाबी नाहीतर जांभळट एलईडी असेल तर लाल मासा आहे त्यापेक्षा दुप्पट लाल दिसतो, आणि घरी साध्या पांढऱ्या ट्यूबखाली आणला की आपल्याला वाटतं रंग उतरला, खरं म्हणजे तो रंग तेवढाच होता. दुकानदाराला सांगायचं, मासा पिशवीत घाला आणि जरा दाराशी उजेडात दाखवा. चांगला दुकानदार लगेच दाखवतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

दुसरी गोष्ट जास्त वाईट आहे. काही ठिकाणी पिल्लांना खाद्यातून नराचं हार्मोन देतात, मिथाइल टेस्टोस्टेरॉन. त्यानं कोवळ्या पिल्लांना, इतकंच काय माद्यांनापण नरासारखा रंग चढतो. खाद्य बंद झालं की काही आठवड्यांत रंग उतरायला लागतो, आणि अशा माद्या पुढं पिल्लं देतीलच याची खात्री नसते. मी एकदा ड्वार्फ गोरामीच्या तीन जोड्या म्हणून सहा मासे आणले होते, सगळेच्या सगळे निळे-लाल चमकदार, आणि दोन महिन्यांत त्यातले तीन चंदेरी राखाडी झाले. आता कळतं की ड्वार्फ गोरामीची मादी मुळातच फिकट चंदेरी असते, म्हणजे टाकीत सगळेच रंगीत दिसत होते तेव्हाच मला शंका यायला पाहिजे होती. गप्पीतपण तसंच, मादी साधी राखाडी आणि पोटाशी मागच्या बाजूला काळा डाग असलेली. टाकीतले सगळेच मासे एकाच मापाचे, बारके आणि एकसारखे भडक असतील तर मी सरळ पुढच्या टाकीकडे जातो.

रंग टोचलेल्या माशांबद्दल तर तुलना करायचीच गरज नाही, घेऊ नका. काचेसारखा पारदर्शक ग्लासफिश हा आपल्याच देशातल्या नद्यांतला मासा, त्याच्या अंगात सुईनं रंग भरून हिरव्या-गुलाबी पट्ट्या करून विकतात. पांढरा टेट्रा आणि पॅरट मासासुद्धा रंगवतात. रंग काही महिन्यांत जातो, मासा त्या त्रासानं आधीच अर्धा मेलेला असतो. आपण पैसे देतो म्हणून हे चालू आहे.

आता फिका मासा. इथं बऱ्याच लोकांचा गोंधळ होतो, कारण फिका म्हणजे आजारी असं डोक्यात बसलंय. माशाच्या कातडीत रंगाच्या पेशी असतात, त्यातला काळा रंग पेशीभर पसरला की मासा गडद दिसतो आणि मध्ये गोळा झाला की फिका. घाबरला, गर्दीत राहिला, मुंबई नाहीतर चेन्नईहून रात्रभर पिशवीत हेलकावे खात आला, की तो फिका पडणारच. तळाला पांढरे खडे किंवा नुसती उघडी काच असेल तरीपण तो भोवतालासारखा फिका होतो. असा मासा घरी काळी वाळू, चार झाडं आणि स्वच्छ पाणी मिळालं की आठ-पंधरा दिवसांत खुलतो. म्हणून फिका असला तरी पर ताठ, भराभर पोहतोय, खाद्य टाकलं की वर धावतोय, तर मी तो निर्धास्त उचलतो. उलट रंगीत असून कोपऱ्यात पर मिटून उभा असलेला कितीही स्वस्त दिला तरी नको. निऑन टेट्राच्या लाल पट्ट्यात मध्येच पांढरट ठिगळ दिसलं तर त्या टाकीच्या आजूबाजूलापण फिरू नका, तो रोग असू शकतो आणि त्याला उपाय नाही. अंगावर सोनेरी धूळ बसल्यासारखं दिसलं तरी तेच, घ्यायचं नाही.

आणि तिसरा फिका म्हणजे उपाशी फिका. लाल, नारिंगी, पिवळा या रंगांतला बराचसा भाग मासा स्वतः बनवू शकत नाही, तो खाण्यातूनच यावा लागतो, शेवाळातून, बारीक किड्यांतून. त्रिनिदादच्या ओढ्यांत गप्पींचा अभ्यास झालाय, जिथं झाडांची सावली कमी, ऊन जास्त आणि म्हणून शेवाळ जास्त, तिथल्या नरांचा नारिंगी रंग जास्त गडद. नुसतं स्वस्तातलं खाद्य टाकलं तर सहा महिन्यांत चांगल्या गप्पीचाही रंग उतरतो. स्पिरुलिना (एक प्रकारचं शेवाळ) असलेलं खाद्य आणि अधूनमधून आर्टेमिया म्हणजे बारीक कोळंबीसारखे जीव द्या, हळूहळू फरक दिसतो.

इथंच तो निपाणीतला गच्चीवाला पुढं जातो. उन्हातला टब, हिरवं पाणी, त्यात डॅफ्निया म्हणजे पाण्यातले बारीक किडे, असं खाऊन वाढलेल्या माशाचा रंग आतून आलेला असतो. त्यात बोअरचं जड पाणी गप्पीला मानवतं, आणि भावाच्या घरीपण तसंच बोअर, म्हणजे पाणी बदलल्याचा धक्कापण कमी. मग फिके का वाटले? टबात वरून बघितले म्हणून, गप्पीचा रंग बाजूनं दिसतो. बरणीत घेऊन बघ म्हटलं. पण त्याच्याकडेपण बघून घ्यायचं असतं, वर्षानुवर्षं एकाच कुळातली पैदास असेल तर पाठ वाकडी निघते, आणि सगळ्या जाती एकाच टबात असतील तर पुढच्या पिल्लांना आईबापाचा रंग येईलच असं नाही, दोन-तीन पिढ्यांत ते विहिरीत डासांसाठी सोडतात तसल्या साध्या गप्पीसारखे दिसायला लागतात.

पण निऑन पाहिजे असतील तर दुकानच बरं. त्याची अंडी उजेडानं खराब होतात, पाणी एकदम मऊ लागतं, गच्चीवर ते जमत नाही. फक्त आजच आलेला माल घेऊ नका, आठवडाभर दुकानात टिकलेला घ्या. गोल्डफिशचं गणित वेगळंच, पिल्लू असताना तो मातकट हिरवट असतो, नंतर नारिंगी होतो, आणि काही पुढं जाऊन पांढरेपण पडतात, त्यात कुणाची फसवणूक नाही. अंधाऱ्या हॉलमध्ये ठेवला तरी फिकतो. मार्बल फायटर मासापण वर्षभरात रंग बदलतो, तो तर त्याच्या रक्तातच आहे.

आणि कुठूनही घ्या, आपल्याकडची थंडी विसरू नका. डिसेंबर-जानेवारीत बेळगावात पहाटे 13-14 अंशांपर्यंत उतरतं, गप्पी-निऑनला 24 ते 26 पाहिजे, हीटर नसेल तर कुठल्याही दुकानातला मासा संक्रांतीपर्यंत फिका आणि सुस्त होणार.

भावाला गच्चीवालेच घे म्हणून सांगितलं, दोन नर, पाच माद्या. टाकी महिनाभर आधीपासून फिल्टरवर चालू आहे, त्यामुळे माशांच्या घाणीतून होणाऱ्या विषारी अमोनियाची काळजी जरा कमी. एवढंच सांगितलं की आणल्या दिवशी लाईट लावू नको, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लाईट लावल्या लावल्या फिके दिसले तर मला फोन करू नको, रात्री मासे रंग उतरवूनच झोपतात, अर्धा तास थांब आणि मग बघ.