बोलेरो दान केली, नाव माझंच राहिलं

पोलीस खात्याच्या मोटार परिवहन विभागात तीस वर्षं स्टेअरिंग धरलं. २०१९ साली चालक हवालदार म्हणून जालन्यातून निवृत्त झालो. दुसऱ्यानं कसं फसवलं हे सांगणारी माणसं आयुष्यभर माझ्या गाडीत मागच्या सीटवर बसत आली. मी आरशातून बघायचो आणि मनात म्हणायचो, एवढं कळू नये का माणसाला? आता आरशात मीच आहे, म्हणून लिहितोय.

गाडी २०११ ची बोलेरो. माझ्या नोकरीची शेवटची काही वर्षं ती माझ्याच हाताखाली होती. किलोमीटर भरले, निर्लेखित झाली म्हणजे खात्यानं वापरातून काढली, २०२० मध्ये लिलावात निघाली. मी एक लाख दहा हजारांना घेतली. पोरगा म्हणाला, "अप्पा, भंगार कशाला आणता?" त्याला काय सांगणार? २०१२ मध्ये माझे वडील गावाकडं रात्री तडफडत होते, घरच्यांना गाडी मिळाली नाही, आणि मी हीच बोलेरो घेऊन बंदोबस्ताला उभा होतो. ती गाडी कुणाच्या तरी म्हाताऱ्याला दवाखान्यात पोचवेल, एवढंच डोक्यात होतं.

लिलावाची गाडी घेतली की खात्याच्या खुणा काढाव्या लागतात. छतावरचा दिवा खात्यानंच उतरवला होता, त्याची भोकं मी एम-सीलनं बुजवली. दारावरचे स्टिकर हेअर ड्रायरनं गरम करून सोलले. पण नऊ वर्षांच्या उन्हानं बाजूचा रंग पिवळट पडला होता आणि स्टिकरखालचा होता पांढराफेक. त्यामुळं 'पोलीस' ही अक्षरं तिरप्या उन्हात तशीच वाचता यायची. पेंटर म्हणाला, दारं पूर्ण रंगवा, चार हजार लागतील. मी म्हटलं, राहू दे, कोण बघतंय.

बघणारे २०२३ च्या उन्हाळ्यात हरिनाम सप्ताहात भेटले. एक पन्नाशीचा, गळ्यात तुळशीची माळ, बोलताना प्रत्येक वाक्यात माउली. दुसरा तरणा, पांढरा शर्ट, काखेत फाइल. लातूर जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी संस्था चालवतो म्हणाले. पैठणहून नाथांची पालखी निघते, तिच्यासोबत रुग्णसेवेची गाडी द्यायची आहे, पण गाडीच नाही. दोन दिवसांनी दोघं घरी आले. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. तरण्यानं बॉनेट उघडून इंजिन ऐकलं, पिकअप कसा आहे विचारलं. माळवाल्यानं दारावरून हात फिरवला आणि म्हणाला, "काका, दिवा कुठं बसवलेला होता हो?" मी कौतुकानं जागा दाखवली. मागं स्ट्रेचर मावतं का, हे मात्र दोघांनी एकदाही विचारलं नाही. बोलेरोत ते सरळ मावत नाही, मागची सीट काढावी लागते. आणि रुग्णवाहिका म्हणून चालवायची तर आरटीओकडून गाडीचा वर्ग बदलून घ्यावा लागतो. हे सगळं मला ठाऊक होतं. पण पुढचा माणूस माउली म्हणतोय, तर आपण पोलिसी प्रश्न कसे विचारायचे?

वडिलांच्या श्राद्धाला गाडी दिली. हार घातला, नारळ फोडला, फोटो काढले. शंभरच्या बॉंडवर दानपत्र, वर नोटरीचा शिक्का. आरसी बुक, दोन्ही किल्ल्या आणि गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे, मी सह्या केलेले कोरे फॉर्म २९ आणि ३० त्यांच्या हातात दिले. "आरटीओचं आमचा एजंट बघतो, तुम्ही उन्हात कशाला हेलपाटे घालताव," असं म्हणाले. ऑक्सिजन सिलिंडर आणि स्ट्रेचरसाठी अडतीस हजार मी वरून दिले, तेही तरण्याच्या स्वतःच्या खात्यावर, कारण संस्थेचं खातं म्हणे ऑडिटमुळं बंद होतं. गाडीच्या किमतीची आणि या पैशांची मिळून आयकरात सूट मिळवून देणारी ८०जी पावती देणार होते. पुढं सीए हसला. वस्तू दान केली तर ८०जीची सूट मिळतच नाही, ती फक्त पैशाच्या देणगीला. पैसे दिले तरी संस्थेची ८०जी नोंदणी लागायची आणि वर्ष संपल्यावर देणगीचं फॉर्म १०बीई प्रमाणपत्र यावं लागायचं. माझा भाचा अमेरिकेत असतो. तिकडंही पोलिसांच्या जुन्या गाड्या लिलावात निघतात आणि लोक गाड्या दान करतात, पण संस्थेनं गाडी विकून टाकली तर बहुतेक वेळा विक्रीतून जेवढे आले तेवढीच सूट मिळते. तो म्हणाला, "मामा, तुम्ही मला एक फोन का नाही केला?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

महिनाभरानं मोबाइलवर मेसेज सुरू झाले. फास्टॅग माझ्याच खात्याला जोडलेला होता. पाडळशिंगी टोलनाका, रात्री २ वाजून १७ मिनिटं. तासाभरानं परत तोच नाका. दोन दिवसांनी पुन्हा, पहाटे तीनला. मला काय वाटलं असेल? मला आनंद झाला. शेजाऱ्याला मेसेज दाखवला, बघा, रात्री-अपरात्री पेशंट घेऊन गाडी पळायलीय. एकदा शिल्लक संपत आल्याचा मेसेज आला. पेशंट नाक्यावर अडकू नये म्हणून मीच पाचशेचा रिचार्ज मारला.

दिवसा ही गाडी कधीच टोल ओलांडत नाही, हे तीस वर्षं पोलिसात काढलेल्या माणसाच्या ध्यानात आलं नाही.

फेब्रुवारीत गोदाकाठच्या एका ठाण्यातून फोन आला. वाळूचे दोन टिप्पर पकडले होते. त्यांच्या पुढं एक बोलेरो लोकेशन द्यायला होती. महसूलच्या पथकाची गाडी कुठं निघाली, कुठल्या फाट्यावर थांबली, हे टिप्परवाल्यांना कळवायचं काम. दारावरच्या जुन्या अक्षरांवरूनच लाल-निळं रेडियम चिकटवलं होतं. त्यांना आखायचीही गरज पडली नाही, अक्षरं तयारच होती. छतावर एम-सील फोडून दिवा बसवलेला. नाकाबंदीवरच्या होमगार्डनं म्हणे दोनदा सॅल्यूट ठोकला होता.

चालक पळाला. गाडी सापडली आणि गाडी माझ्या नावावर.

जबाब लिहायला बसलेला पोरगा माझ्या हाताखाली गाडी शिकला होता. "नाना, धंदा काय लिहू?" म्हणाला आणि खाली मान घालून स्वतःच लिहिलं, सेवानिवृत्त पोलीस कर्मचारी.

वकिलाकडं बॉंड ठेवला. त्यानं तो उलटासुलटा करून बाजूला सारला. तुम्ही दान केलं हे यातून दिसेल, म्हणाला, पण आरटीओच्या नोंदीत जो मालक तोच मालक. मोटार वाहन कायद्यात व्याख्याच तशी आहे आणि सुप्रीम कोर्टानंही नवीन कुमार खटल्यात २०१८ मध्ये हेच सांगितलं. गाडी विकली, ताबा दिला, तरी नोंद बदललेली नसेल तर अपघाताची भरपाई जुन्या मालकाच्या माथी येऊ शकते. माझ्या गाडीचा विमाही मधल्या काळात संपलेला. त्या सुसाट गाडीखाली कुणी आलं असतं तर घर विकावं लागलं असतं. हे ऐकल्यावर दोन रात्री झोप नव्हती.

आणि एक गोष्ट मला साठीत कळली. गाडी हस्तांतरित झाल्याची खबर आरटीओला द्यायची जबाबदारी देणाऱ्याचीही असते. राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत. घेणारा करील म्हणून बसायचं नसतं. कोरे फॉर्म हातात देण्यापेक्षा त्या माणसाला शेजारी बसवून आरटीओत गेलो असतो, तर तो तिथूनच पळाला असता. निदान परिवहनच्या पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून बघितलं असतं, फास्टॅग त्याच दिवशी बंद केला असता, ताबा पावतीवर तारखेबरोबर वेळही घातली असती. जुन्या गाड्यांचे साधे दलालसुद्धा वेळ घालतात.

संस्थेचं म्हणाल तर लेटरहेडवरचा नोंदणी क्रमांक घेऊन मी धर्मादाय कार्यालयात गेलो. तिथल्या बाईंनी दहा मिनिटांत सांगितलं, हा नंबर दुसऱ्याच तालुक्यातल्या एका क्रीडा मंडळाचा आहे. दहा मिनिटं! मी हे गाडी देण्याआधी करू शकत होतो. पत्त्यावर गेलो तर बंद शटर, वर उन्हानं विटलेला फ्लेक्स. शेजारचा पानटपरीवाला म्हणाला, आणखी दोघं येऊन गेले. त्यातल्या एकाकडून तर निर्लेखित पोलीस जीप स्वस्तात मिळवून देतो म्हणून पैसे घेतले होते. वास्तविक १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षं भरलेल्या सरकारी गाडीची नोंदणी नूतनीकरणच होत नाही, ती अधिकृत भंगार केंद्रात जाते. कायदा-सुव्यवस्थेच्या काही खास गाड्यांना सूट आहे, पण त्या काही पानटपरीवर विकायला येत नाहीत. अशी जीप रस्त्यावर चालवायला मिळेल असं कुणी सांगत असेल तर आधी तिचं साल विचारा.

अडतीस हजारांची तक्रार मी १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर केली. तोवर आठ महिने झाले होते, खातं कधीच रिकामं. पहिल्या काही तासांत फोन केला तर पैसे गोठवता येतात, असं तिकडच्या मुलीनं शांतपणे समजावलं.

आता गंमत अशी की गाडी माझ्या नावावर, म्हणून सोडवायचीही मीच. दंड, बंधपत्र, तारखा सुरू आहेत. परवा तहसीलच्या आवारात बघायला गेलो. दोन टिप्परच्या मधे उभी होती. मागं स्ट्रेचरच्या जागी वाळूनं माखलेली दोन फावडी आणि पाण्याच्या बाटल्या. ड्रायव्हर सीटच्या रेक्झीनला मी मारलेला टाका अजून शाबूत होता. काचेवरचा फास्टॅग नखानं खरवडून काढायला लागलो. अर्धाच निघाला.